बुंध्याशी चढवलेली माती

२ मार्च

मामा,

नमस्कार. कंबर कशी आहे? डॉक्टरांनी तीन महिने पलंगावरून उतरायचं नाही असं बजावलं, आणि तुम्ही आठव्याच दिवशी नर्सरीतल्या कुंड्या बघायला निघाला होतात म्हणे. तुम्ही राहता त्या नर्सरीच्या मालकीणबाईंनी फोनवर सगळं सांगितलं. सरकारी बागेत चाळीस वर्षं मुकादमी केलीत, हाताखालच्या माळ्यांना धाकात ठेवलंत, आता थोडे दिवस स्वतःच्या कमरेचंही ऐका.

लिहायचं कारण म्हणजे तुमची बाग. दर उन्हाळ्यात माळी होता, तो या वर्षी काम सोडून गेला. मामी गेल्यापासून तुम्ही काही या घरात पाऊल टाकत नाही, आणि आता तर पलंगालाच खिळला आहात. म्हणजे ही बाग उन्हाळ्यातून मला एकटीलाच काढायची आहे. मार्चच्या दुसऱ्या तारखेलाच भिंतीजवळच्या जास्वंदीची पानं दुपारी मान टाकतात. हिरवळ पिवळी पडत चालली आहे. मला यातलं फारसं काही कळत नाही, एवढं मात्र कळतं की काहीतरी चुकतंय.

आणि अंगणातला शिरीष. माझ्या पाळणाघरात सध्या अकरा मुलं आहेत. पूर्वेकडची पत्र्याची खोली दुपारी भट्टीसारखी तापते, म्हणून त्यांचा अख्खा दिवस शिरीषाखालीच जातो. खेळणं तिथे, गोष्टी तिथे, झोपणंही तिथेच. पण यंदा एका बाजूची पानं बारीक आली आहेत आणि पिवळट दिसतात. अगदी वरच्या दोन-तीन काटक्यांना तर पानंच नाहीत. ऊन लागलं असेल का? झाडाला ऊन लागतं का? हसू नका. काय करू ते सविस्तर लिहा. मालकीणबाईंकडून निरोप नको, त्या अर्धं विसरतात आणि उरलेल्याला मीठमसाला लावतात.

तुमची
भिंगरी


७ मार्च

भिंगरीस,

हसलो नाही. हसलो की कंबर दुखते.

कानाने मी बहिरा, कमरेने मोडका, म्हणजे आता माझ्याजवळ डोळे आणि पेन एवढंच उरलं. तेव्हा नीट वाच. पाणी सूर्य उगवायच्या आत, मुळाशी, हळू. संध्याकाळी पानांवर फवारे उडवायची हौस टीव्हीतल्या लोकांना असू दे. झुडपांच्या भोवती वाळलेला पाला चार बोटं जाड पसर, पण खोडापासून वीतभर लांब. कात्री कपाटात ठेव आणि किल्ली त्या मदतीला येणाऱ्या मावशींकडे दे, कारण तुझा हात शिवशिवणार हे मला माहीत आहे. उन्हाळ्यात छाटलेलं झाड जोर करून नवी पालवी काढतं आणि ती पालवी करपते. खत नको. कुंड्या सगळ्या एकत्र, अंगाला अंग लावून, उत्तरेच्या भिंतीशी. हिरवळ पिवळी पडली तर पडू दे. ती मेलेली नसते, झोप काढत असते.

आता शिरीष. झाडाला ऊन लागत नाही. हे झाड उन्हासाठीच जन्माला आलेलं आहे. पानं बारीक येतात ती पाणी कमी पडलं म्हणून किंवा मुळाशी काही बिघडलं म्हणून. हे दोन आजार वरून सारखे दिसतात, पण त्यांचे उपाय अगदी उलटे आहेत. म्हणून आधी मला एक बघून सांग. बुंधा जमिनीत शिरतो तिथे कसा दिसतो? खांब रोवल्यासारखा सरळ जातो की हत्तीच्या पावलासारखा पसरट होऊन जातो? नीट वाकून बघ.

घराची किल्ली देताना मी तुला एकच अट घातली होती, बुंध्याशी माती चढवायची नाही. तो झाडाचा गळा आहे. माणसाला गळ्यापर्यंत पुरून वरून पाणी घातलं तर तो बिचारा किती दिवस तग धरेल? तू काही केलं नसशील, मला खात्री आहे. तरीपण बघ.

मामा


१२ मार्च

मामा,

तुमचं पत्र मी चुलीपासून न्हाणीपर्यंत हातात घेऊन फिरते. पाला पसरला. कुंड्या भिंतीशी नेल्या, सत्तावीस निघाल्या, तुम्ही मुळात एवढ्या कुंड्या ठेवल्याच कशाला? कात्रीची किल्ली खरंच मावशींकडे दिली आणि त्या ती आता कमरेला लावून मिरवतात. जास्वंदीने चार दिवसांत मान वर केली. मुलांनी तिला टाळ्या वाजवल्या.

शिरीषाचा बुंधा वाकून बघितला. अगदी हत्तीच्या पावलासारखा पसरट आहे. माती वगैरे काही चढलेली नाही. म्हणजे पाणीच कमी पडत असणार ना? किती घालू तेवढं कळवा.

मुलं मजेत आहेत. एकाला तुमच्या जुन्या झारीचं वेड लागलं आहे, झोपतानाही उशाशी घेतो.

तुमची
भिंगरी


१७ मार्च

भिंगरीस,

वाचून हलका झालो. दहा दिवस उगाच जिवाला घोर लावून घेतला होता.

तर मग झाड तहानलेलं आहे, दुसरं काही नाही. बुंध्याशी बादल्या ओतत बसू नकोस, तिथे ते पाणी पीतच नाही. दुपारी बारा वाजता त्याची सावली जिथे संपते त्या रेषेवर गोल चर खणून घे, वीतभर खोल. आठवड्यातून एकदा त्यात पाइप सोडायचा आणि सकाळभर तसाच ठेवायचा. अंगणातली माती आतपर्यंत मऊ झाली पाहिजे. काठी खुपसून बघ, हातभर सहज गेली तर समज पोट भरलं. महिनाभरात पानं सुधारतील.

सत्तावीस कुंड्या तुझ्या मामीच्या आहेत. मी एकही आणली नाही. मी फक्त उचलत होतो.

मामा


१९ एप्रिल

मामा,

घाईघाईत लिहिते आहे. अक्षर लागलं नाही तर रागावू नका.

काल दुपारी बारा वाजता शिरीषाची फांदी पडली. वारा अजिबात नव्हता. पान हलत नव्हतं इतकं उकडत होतं. मुलांना जेवायला रोजच्यापेक्षा दहा मिनिटं लवकर आत घेतलं होतं, तेही एका नर्सबाईंच्या मुलीला भूक लागून ती रडायला लागली म्हणून. मी दारात एकेकाचे हात धूत होते. आधी एक लांब कुरकुर ऐकू आली आणि मग पायाखालची फरशी हादरली. धूळ बसल्यावर बघितलं तर माझ्या मांडीहून जाड फांदी सतरंजीवर आडवी पडली होती. सतरंजीवर रंगीत ठोकळे होते, त्यांचा चुरा झाला. दहा मिनिटांपूर्वी त्याच सतरंजीवर अकरा जणं बसली होती.

हात धुवायचं काम पुरं केलं, पानं वाढली, सगळ्यांना भरवलं, आणि मग मोरीत जाऊन ओकले.

संध्याकाळी आया मुलांना न्यायला आल्या. फांदी लपवायला जागा कुठे होती? मी म्हणाले, "जुनी फांदी होती, उतरवून घेतली." नर्सबाई म्हणाल्या, "बरं केलंत, किती काळजी घेता तुम्ही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाणी तुम्ही सांगितलं तसंच देते आहे, दर आठवड्याला, सकाळभर. पण पानं सुधारली नाहीत, उलट आणखी गळतात. आणि बुंध्याशी पिवळट छत्र्या उगवल्या आहेत, एकीवर एक. मावशी खराट्याने काढून टाकतात आणि तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा हजर असतात. ही छत्री कसली? विषारी आहे का? मुलांनी हात लावला तर?

मला खूप भीती वाटते आहे मामा. लवकर लिहा.

भिंगरी


२३ एप्रिल

भिंगरी,

हे पत्र मिळाल्या क्षणापासून एकही मूल त्या झाडाखाली बसणार नाही. खेळायला नाही, जेवायला नाही, झारी आणायलासुद्धा नाही. बिनवाऱ्याची फांदी टाकणारं झाड पुन्हा टाकतं. मी माझ्या नोकरीत तीनदा बघितलं आहे.

मुलांना पत्र्याच्या खोलीत घे. उकडेल, पण उपाय आहेत. पत्र्यावर चुन्याचे दोन हात मार. त्याच्यावर हिरवी जाळी बांध, पण पत्र्याला चिकटवून नाही, हातभर उंच, मधून हवा खेळली पाहिजे. खिडक्यांना ओली पोती लाव. दुपारनंतर शिरीषाची सावली त्या खोलीवर येते, तेवढा तरी त्याचा उपयोग होऊ दे. खोली मी बांधली ती जागा बघूनच बांधली होती.

पाणी ताबडतोब बंद.

आणि आता मला खरं सांग. छत्र्या नक्की कुठे आहेत? मुळांवर, बुंध्यावर की आणखी कशावर? ज्याचा बुंधा मोकळा आहे त्या झाडाला अशा छत्र्या सहसा येत नाहीत. तुझं मार्चमधलं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. "हत्तीच्या पावलासारखा पसरट." ते शब्द माझेच आहेत. तू डोळ्यांनी बघितलं असतंस तर तुझे शब्द आले असते. तू लहान असताना पाढे चुकलीस की असंच करायचीस, मी म्हटलेलं मलाच परत ऐकवायचीस.

मी रागावणार नाही. पण मला कळायला हवं.

मामा


४ मे

मामा,

रागवा. मी त्याच लायकीची आहे.

बुंधा कसा आहे ते मला माहीत नाही, कारण तो गेली तीन वर्षं कोणाला दिसलेलाच नाही. मी तिथे कट्टा बांधला आहे. गोल, कमरेएवढा उंच, वर लाल फरशी. छत्र्या त्या फरशीच्या फटींतून उगवतात. आत दोन ट्रॉल्या माती भरली. पाळणाघर सुरू केलं त्या पहिल्याच वर्षी एक मुलगा वर आलेल्या मुळीला अडखळून पडला आणि त्याचा पुढचा दात पडला. त्याची आई म्हणाली, ही जागा मुलांसाठी नाही. मी इतकी घाबरले की आठ दिवसांत गवंडी बोलावून सगळ्या मुळ्या झाकून टाकल्या. तुमची अट आठवत होती. वाटलं, म्हाताऱ्या माळ्याचा हट्ट असेल, एवढ्या मोठ्या झाडाला मूठभर मातीने काय होतंय. मुलं त्या कट्ट्याला आगबोट म्हणतात. फार लाडकी आहे त्यांची ती.

तुमचं पत्र आल्यावर रविवारी मावशींना घेऊन एका बाजूच्या फरशा काढल्या आणि खुरप्याने माती उकरली. साल हातात आली, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. आतून कुजका वास येत होता. लाकडाला बोट लावलं तर बोट आत गेलं. मावशी मागे सरकल्या.

आणखी एक आहे. कट्ट्याच्या पश्चिमेला, चराच्या आत, जमिनीला चीर पडली आहे. रविवारी तिच्यात बोट जात होतं. परवा थोडा वारा सुटला होता, त्यानंतर आता मूठ जाते. झाडं उतरवणाऱ्याला बोलावलं. त्याने ती चीर बघितली आणि शिडी खाली ठेवली. म्हणाला, "ताई, मी याच्यावर चढणार नाही. क्रेन आणा." क्रेन आणि परवानगी दोन्ही मिळून बारा तारीख मिळाली आहे. अजून आठ दिवस.

मुलं सत्तावीस तारखेपासून खोलीत आहेत, तुम्ही सांगितलंत तसंच. चुना मारला, जाळी बांधली, पोती लावली. अकरा गाद्या एका ओळीत घालते. ती साडेतीनला झोपतात तेव्हा मी दाराशी बसून बाहेरचा आवाज ऐकत असते. पान वाजलं तरी उठून बघते. एवढाच धीर की झाडाखाली कोणी नाही.

आयांना मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर उद्या एकही मूल येणार नाही, आणि पुन्हा कधीच येणार नाही. कोण ठेवील माझ्यावर विश्वास? पण रोज सकाळी त्या फाटकाशी मूल माझ्या हातात देतात आणि हसून निघून जातात, ते आता मला सोसवत नाही. सांगू का? हे पत्र पोचून तुमचं उत्तर यायला आठ-नऊ दिवस लागतील. तेवढी कळ मला काढता येईल असं वाटत नाही.

भिंगरी


८ मे, संध्याकाळ

भिंगरी,

हे वाचताना मुलं त्या खोलीत असतील तर पत्र तिथेच टाक आणि त्यांना बाहेर काढ. रस्त्यावर काढ. मग पुढचं वाच.

बारा वर्षांपूर्वी घराला पाण्याची नवी लाइन घेतली. खणताना पश्चिमेच्या बाजूला माझ्या कमरेएवढी जाड मुळी आडवी आली. पाइप वळवायचा तर आणखी दोन दिवस खणावं लागलं असतं. तुझी मामी तेव्हा लांबून पाणी भरत होती, रोज कुरकुरत होती, आणि मीही कंटाळलो होतो. मी करवत आणली आणि मुळी तोडली. ज्या कामासाठी मी चाळीस वर्षं माळ्यांना शिव्या घातल्या तेच काम स्वतःच्या अंगणात केलं आणि वरून माती लोटून दिली. कोणाला सांगितलं नाही. तुझ्या मामीलाही नाही.

ते झाड पश्चिमेकडून कशालाही धरून नाही. चीर पडली आहे ती तिकडेच, म्हणजे ते उचललं जायला लागलं आहे. ते आता एकाच बाजूला पडू शकतं. पूर्वेला. खोलीवर.

आणि मुलांना खोलीत ठेव असं मीच लिहिलं.

तू "हत्तीच्या पावलासारखा" लिहिलंस आणि मी लगेच मान्य केलं, कारण मलाही तेच ऐकायचं होतं. बुंधा ठीक म्हणजे माझी मुळीही माफ. चर खणून पाणी सोडायला लावलं, माती आतपर्यंत मऊ करून घेतली, तीही मीच. तू समजत होतीस मामीच्या आठवणीने मी घरात येत नाही. तेही होतं. पण त्या झाडाकडे मला बघवत नव्हतं.

मालकीणबाईंनी सात वेळा फोन लावला. लागत नाही. इथेही वारा सुटला आहे, जाळ्या फडफडताना दिसतात. उठायचा प्रयत्न केला, पलंगाच्या कडेपर्यंत आलो आणि पडलो. दोघांनी उचलून परत ठेवलं. पहाटे रोपं घेऊन टेम्पो तुझ्या बाजूला निघतो आहे, पत्र त्याच्या ड्रायव्हरजवळ देतो. रस्ता मोकळा असू दे.

पोरं सलामत आहेत एवढं कळव. एक ओळ पुरे.

मामा


१० मे

मामा,

पोरं सलामत आहेत. अकराच्या अकरा.

तुमचं पत्र आज दुपारी मिळालं. टेम्पो काल अख्खा दिवस वाटेत अडकला होता. झाड त्याच्या आधीच, आठ तारखेला चार वाजून दहा मिनिटांनी पडलं. तुम्ही पत्र लिहायला बसलात तेव्हा ते आडवं झालेलं होतं.

सगळं सांगते. चार तारखेला तुम्हाला पत्र टाकून आले आणि उत्तराची वाट बघितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी उभी राहिले आणि येईल त्या प्रत्येक आईला सांगितलं. फांदी उतरवली नव्हती, पडली होती. कुठे पडली होती तेही सांगितलं. माती मी चढवली, मला मनाई असताना चढवली, झाड कुजलं आहे आणि बारा तारखेपर्यंत उभं राहणार आहे. काही जणी फाटकातूनच मुलं घेऊन परतल्या. त्या दात पडलेल्या मुलाची आई आता धाकटीला सोडते, ती तोंडाला येईल ते बोलली. "तुमच्या हातात मूल दिलं हीच माझी चूक," असं म्हणाली आणि गाडीवर मुलीला बसवून निघून गेली. सात तारखेपर्यंत दहा मुलं बंद झाली.

राहिली नर्सबाईंची मुलगी. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे दुसरं कोणी नाही, ड्यूटी चुकवता येत नाही. पण झाडाजवळ नका ठेवू तिला." मी म्हणाले, "नाही हो, खोलीत ठेवते." हे मी त्यांना शब्द देऊन म्हणाले मामा.

आठ तारखेला साडेतीनला तिला खोलीत नेलं. ती दारातच थबकली. मी उचलल्याच नव्हत्या त्या दहा गाद्या रिकाम्या बघून म्हणाली, "बाकीचे कुठे गेले? मी एकटी नाही झोपणार." मी समजावलं, चुचकारलं, थोडी रागावलेही. ती ऐकेना. शेवटी हात टेकले आणि तिला घेऊन पुढच्या व्हरांड्यात, रस्त्याच्या बाजूला येऊन बसले. मावशी आणि आम्ही दोघी कागदाच्या होड्या करत होतो. आभाळ एकदम गढूळ झालं. पश्चिमेकडून वारा आला तो धूळ घेऊनच आला, डोळे उघडता येईनात. मी मुलीला पोटाशी धरून भिंतीला टेकले. मग जमिनीखालून काहीतरी तटातट तुटल्यासारखं झालं आणि मागे घराच्या पलीकडे मोठ्ठा आवाज झाला. मावशी देवाचं नाव घेत होत्या. मी मुलीचे कान घट्ट दाबून धरले होते, ती ओरडत होती की दुखतंय, तरी मला हात सोडवत नव्हते.

खोली राहिलीच नाही. पत्रा भिंतींच्या आत बसला होता. वीज गेली, फोन बंद पडला. धूळ खाली बसल्यावर मी मागे गेले आणि गाद्या बघितल्या. बुंधा त्या ओळीवरूनच गेला होता, उशांच्या बाजूने. अकराही उशांवरून.

आया आल्या. कोणी त्याच संध्याकाळी आल्या, कोणी काल सकाळी, कोणी नवऱ्याला घेऊन. बातमी कशी पोचली कोण जाणे. मी कोणालाही अडवलं नाही. प्रत्येक आई मागे जायची आणि आपल्या मुलाच्या गादीपाशी जाऊन उभी राहायची. चादरी त्यांनीच घरून दिलेल्या, ओळखायला वेळ लागत नव्हता. नर्सबाईंनी मुलीला कडेवर घेतलं होतं आणि तिला झाडाकडे पाठ करून धरलं होतं. मला म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं नसतं तर ही दहा जणांत झोपली असती." एवढंच.

ती तोंडाला येईल ते बोललेली बाई सगळ्यांत शेवटी आली. पत्र्याखाली हात घालून तिने आपली निळी चादर ओढून काढली, झटकली, घडी घातली. मला वाटलं आता पुन्हा बोलेल. ती म्हणाली, "आता कुठे सांभाळणार मुलांना?" मी म्हणाले, अजून माहीत नाही. ती म्हणाली, "जागा मिळाली की कळवा. मला आधी."

मामा, तुमचं पत्र मी खोलीच्या ढिगाऱ्यावर बसून वाचलं. पहिल्या दोन ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. मग पुढचं वाचून तुमचा इतका राग आला की पत्र चुरगाळून टाकलं. मग उचलून सरळ केलं. तुम्ही पलंगावरून पडलात ते वाचून रडू आलं, आणि राग गेला असंही नाही. आजही आहे. माझा स्वतःचा मला जेवढा येतो तेवढाच तुमचाही आहे.

माझ्या मातीचं त्या सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या मुळीचं मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. चार जणींनी मला विचारलं, पडलं ते नेमकं खोलीवरच कसं पडलं? मी म्हणाले, विचारून सांगते. ते मी सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं आहे.

उताणं पडून लिहिता येतं, हे या पत्रावरून दिसतंच आहे. तेव्हा पेन घ्या आणि लिहा. मला नको, त्यांना लिहा. पत्र आलं की मी फाटकाशी उभी राहून मोठ्याने वाचून दाखवीन.

भिंगरी